बाळापूरच्या गाडीवरचे चार पट्टे

"तीनशे ऐंशी," मी मोठ्यानं म्हणालो. यंत्र बॉनेटवरून उचलून हातभर पलीकडे टेकवलं. "चारशे दहा."

तेवढ्यात एका शेळीनं माझ्या पॅडवरचा फॉर्म ओढला. अर्धं पान तिच्या तोंडात गेलं आणि अर्धं मी वाचवलं. आखाडा बाळापूरच्या बाहेर, रस्त्याला लागून असलेल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही उभे होतो. दुपारचे दोन वाजले होते. पत्रा तापून कडकड वाजत होता.

"साहेब, रंग न्हाई मारला," गाडीचे मालक सखाराम मामा म्हणाले. "तोच हाय, पहिल्यापासूनचा."

"मामा, हे यंत्र खोटं बोलत नाही," मी म्हणालो.

हे वाक्य मी त्या दिवशी बोलायला नको होतं. पण तीस वर्षं गाड्या तपासून माणसाला एक खोड लागते. समोरचा बोलायला लागला की त्याचं निम्मंच ऐकू येतं. मी मोटार सर्व्हेयर आहे. अपघात झाला की विम्यासाठी गाडीचं नुकसान किती ते ठरवायचं, विक्रीच्या वेळी गाडीची किंमत सांगायची, हे माझं काम. हिंगोलीत घर आहे आणि घरातलीच पुढची खोली ऑफिस आहे. माझी बायको म्हणते, मी पाहुण्यांकडे बघतानाही आधी डेंट शोधतो. तिचं म्हणणं अगदीच खोटं नाही.

माझ्या हातातलं यंत्र म्हणजे पेंट गेज. पत्र्यावर टेकवलं की वर रंगाचा थर किती जाड आहे ते सांगतं. हा थर मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कारखान्यातून आलेल्या गाडीवर साधारण शंभर ते दीडशेचा आकडा येतो. दोनशेच्या पुढे गेला की समजायचं, कुणीतरी वरून हात मारलाय. चारशे म्हणजे तर घराच्या दरवाज्याला मारावा तसा ब्रशनं मारलेला ऑइलपेंट. आमच्या भागात हे नवं नाही. सणाच्या आधी डबा हातात आला की गाडी, पेटी, पाण्याची टाकी, जे दिसेल ते लोक रंगवतात. आणि इथं तर ब्रशचे पट्टेही दिसत होते. ड्रायव्हरच्या दारावर, हँडलखाली, एकाला लागून एक चार. आरसी बुकात रंग लिहिला होता आकाशी. समोर उभी होती मातकट तपकिरी गाडी. मी निकाल लावून मोकळा झालो.

या गाडीपर्यंत आम्ही कसे आलो ते सांगतो.

नागपूरच्या एक डॉक्टर मॅडम आहेत. ऑपरेशनच्या वेळी भूल देण्याचं काम त्यांनी आयुष्यभर केलं. आता निवृत्त आहेत आणि जुन्या गाड्या जमवतात. त्यांना एक इटालियन स्पोर्ट्स कार हवी होती. स्पोर्ट्स म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे सिनेमातली जमिनीला चिकटलेली गाडी येते. ही तशी नव्हे. सत्तरेक वर्षांपूर्वीची फियाट, पण घरगुती चार दारांची नाही. दोनच सीटा, उघडं टप, लांब नाक, आणि इंजिन त्याच अकराशे सीसीचं पण जरा गरम डोक्याचं. अशा गाड्या देशात बोटांवर मोजण्याइतक्या. आणि त्यातल्या दोन आमच्या हिंगोली जिल्ह्यात!

ही मौज मलाही आधी माहीत नव्हती. एका जहागीरदार घराण्यातल्या दोघा भावांनी दोन गाड्या एकदमच मागवल्या होत्या. एक लाल, एक आकाशी. चेसिस नंबरही पाठोपाठचे. चेसिस म्हणजे गाडीचा सांगाडा, त्यावर कारखान्यानं ठोकलेला नंबर म्हणजे तिची जन्मखूण. पुढं घराणं पांगलं. लाल गाडी चार हात फिरून हिंगोलीच्या एका डाळमिलवाल्या शेठकडे आली. आकाशी राहिली बाळापुरात, जहागीरदारांचा ड्रायव्हर म्हाळबा याच्याकडे. सखाराम मामा हे त्या म्हाळबांचे चिरंजीव, आता स्वतः सत्तरीचे. मॅडमना एकच गाडी घ्यायची होती. दोन्ही बघून कोणती घ्यावी हे सांगायला मला नेमलं होतं.

सकाळी आम्ही लाल गाडी पाहिली. शेठनी ती मोठ्या शहरात पाठवून नव्यासारखी करून आणली होती. उन्हात डोळ्यांना सहन होत नव्हती इतकी चमक. चावी फिरवली की एका झटक्यात सुरू. मॅडम स्वतः मिलच्या आवारात दोन फेऱ्या मारून आल्या आणि उतरल्या तेव्हा त्यांचा चेहरा कॉलेजातल्या मुलीसारखा झाला होता.

मी खाली वाकलो. दाराखालच्या पत्र्याला लोहचुंबक लावला. तो घसरून पडला. म्हणजे तिथं पत्रा उरला नव्हता, लांबी भरली होती. लांबी म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी. मग इंजिनाचा नंबर पाहिला. तो साध्या चार दारांच्या फियाटच्या इंजिनाचा होता.

"शेठजी, मूळ इंजिन?"

"वो तो कबका गया साहब. लेकिन बदलाची नोंद आहे आरसीवर, बराबर बघून घ्या. आणि इंजिन तर इंजिन असतं. चालतंय ना?"

चालत होतं. नोंदही होती. शेठनी काही लपवलं नव्हतं. गाडी प्रामाणिक होती, फक्त मूळ नव्हती.

मॅडमनी वाटेत, कळमनुरीच्या पुढे, मला विचारलं, "मूळ असण्याला तुम्ही लोक एवढं महत्त्व का देता? मला तर चालवायला मजा आली."

मी म्हणालो, "मॅडम, रंग कितीदाही देता येतो. गाडी मूळ एकदाच असते. एकदा खरवडली की संपलं. दोन्ही गाड्या चालत्या असतील तर संग्रह करणारा माणूस जुन्या कातडीची गाडी आधी घेतो. पण तीही रंगवलेली निघाली, तर मग सरळ लाल घ्या. निदान ती नीट रंगवलेली आहे."

हा माझा हिशेब होता आणि तो चुकीचा नव्हता.

बाळापुरात पोचलो तर मामा फेटा बांधून, कोरं धोतर नेसून शेडच्या दारात उभे. त्यांच्या पत्नी गिरजामामींनी आतल्या शेळ्या एका बाजूला बांधल्या होत्या, एक सोडून. गाडीवर घोंगडी होती. मामांनी ती दोन हातांनी हळूच ओढली. झोपलेल्या लेकराच्या अंगावरचं पांघरूण काढावं तशी.

"साहेबांची गाडी," ते म्हणाले.

"कुठल्या साहेबांची?" मी विचारलं.

"जहागीरदार साहेबांची. हैदराबादेला जातानी बापाला म्हणले, म्हाळबा, संभाल के रखना, आकर ले जाऊँगा. न्हाई आले. मंग लई वरसांनी त्यांचं पोरगं आलं. म्हणलं मी काय करू हिला, तुमीच ठेवा. कागदावर सह्या करून गेलं. कागद बापाच्या नावावर झाला, मंग मह्या नावावर. पण बाप मरेस्तोवर साहेबांचीच गाडी म्हणायचा."

कागद खरोखर चोख होते. एका पत्र्याच्या डबीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत. मी इंजिनाचा नंबर पाहिला आणि जरा सरळ झालो. आरसीवरचाच नंबर. आमच्या धंद्यात याला मॅचिंग नंबर्स म्हणतात, म्हणजे चेसिस आणि इंजिन जन्मापासून एकत्र.

"इंजिन जाम झालं असेल?"

"न्हाई. दर दसऱ्याला हँडल फिरवतो. पूजा करायची तर हत्यार हाललं पाहिजे म्हणायचा बाप."

पुढून हँडल घातलं. फिरलं! मी गाडीखाली सरपटलो. सांगाड्यावर गंज नावालाही नाही. शेड कोरडं असेल, असं मनात म्हणून मी तो मुद्दा सोडून दिला. दाराच्या खालच्या कडेला धरून बाहेर आलो, कपडे झटकले आणि यंत्र काढलं. तीनशे ऐंशी. चारशे दहा.

"मामा, खरं सांगा. वरून काय लावलंय?"

मामांनी मॅडमकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. "काय न्हाई लावलं."

माणूस नजर चुकवतो तेव्हा खोटं बोलत असतो, असं मी तीस वर्षं मानत आलोय. मी उरलेल्या अर्ध्या फॉर्मवर लिहिलं: रंग मूळ नाही. हलक्या प्रतीचा, हातानं मारलेला. मॅडमना बाजूला नेऊन सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, पण वाद घातला नाही. भूल देणाऱ्या माणसाला निर्णय पटकन घ्यायची सवय असते. तिथूनच त्यांनी शेठना फोन लावला आणि लाल गाडी घेते म्हणून सांगून टाकलं.

मग त्या मामांपाशी आल्या. "काका, गाडी छान सांभाळलीत. पण मला दुसरी घ्यावी लागतेय."

मामा म्हणाले, "बरं." आणि घोंगडी उचलून घडी करायला लागले. गाडीवर परत टाकली नाही.

"आता हिचं काय करणार?" मॅडमनी विचारलं.

"रस्ता रुंद होऊन राहिला. शेड जातंय सोमवारी. दुसरी जागा न्हाई आमच्यापाशी. भंगारवाल्याला बोलून ठेवलंय, तुमी न्हाई म्हणलं तर." थोडं थांबून म्हणाले, "गॅस लावून कापतेत म्हणे. त्या दिवशी मी घरी न्हाई थांबणार. मेव्हण्याकडं कुरुंद्याला जाऊन बसतो."

सोमवार चार दिवसांवर होता. असे प्रसंग माझ्या कामात येतात. घरच्या माणसासारखी वाटणारी गाडी मी कागदावर 'टोटल लॉस' लिहून संपवतो. वाईट वाटतं, चहा पितो, पुढच्या कामाला जातो.

चहा आलाच होता. मी हात धुवायला शेडबाहेरच्या हौदावर गेलो. तांब्यानं पाणी घेतलं, हातावर ओतलं. पाणी हातावर थांबेना. अळूच्या पानावरून ओघळावं तसं घरंगळून गेलं. साबण लावला, फेस येईना. हात कोरडा तो कोरडाच आणि वर चिकट. नाकाशी नेला. मेंढराचा वास.

गिरजामामी मागं कपबशा घेऊन उभ्या होत्या. हसायला लागल्या. "ते न्हाई जायचं तसं. लोकरीचं हाय. गरम पाणी आन् रिठा लागतो त्येला."

"लोकरीचं? मामी, इथं तर नुसत्या शेळ्या आहेत. मी मेंढरू शिवलोच नाही."

"मेंढरं मोडून धा वरसं झाली. पण गाडीला हात लावला ना तुमी?"

मी तसाच, ओला नाही आणि कोरडाही नाही असा हात घेऊन उभा राहिलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. माझा कळसा तर तळहातावरच होता.

शेडमध्ये परत गेलो. "मामा," मी म्हणालो, "रंग मारला नाही म्हणता. मान्य. पण गाडीला लोकर लागली कशी?"

मामांची मान खाली. मामी म्हणाल्या, "सांगा की आता. काहून लाजता?"

मग मामा बोलले. मध्ये न तोडता ऐकायची माझी ती त्या दिवसातली पहिली वेळ.

"आमी धनगर माणसं, साहेब. मेंढरं कातरायची कातर असती ना, ती कच्च्या लोकरीत खुपसून ठेवली की गंजत न्हाई. लोकरीला चिकणाई असती. बापानं बघितलं, गाडीला पहिल्या पावसाळ्यात गंज धरून राहिला. मंग वरसातून दोनदा कातरणी झाली की न धुतलेल्या लोकरीनं सगळी गाडी पुसायचा. वरून, खालून, दाराच्या आतून. कातरणीवरनं उठला की हातबी तिलाच पुसायचा. माय लई वरडायची, साहेबांची गाडी घाण करून राहिले म्हणून. तो म्हणायचा, साहेब आले की गरम पाण्यानं धुऊन देऊ. बापामागं मीबी तेच केलं, मेंढरं होती तवर."

"मग मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलं?"

"मागं एकजण आला होता गाडी बघायला. नाक धरून गेला. म्हणला इतकी भारी गाडी अन् तिला मेंढराची घाण फासली. आज तर डाक्टर बाई आल्या. कसं सांगावं?"

मामींनी पाणी तापवलं. रिठे ठेचले. मी मागच्या चाकाच्या वरची एक वीतभर जागा निवडली आणि मऊ फडक्यानं स्वतः पुसायला लागलो. वरचा थर पत्र्याच्या उन्हात भाजून लाखेसारखा झाला होता. तो आधी मऊ झाला, मग तपकिरी पाणी गळायला लागलं. तिसऱ्या फडक्याला खालून रंग दिसला.

आकाशी.

बारीक तडे होते, जुन्या चिनी मातीच्या बशीवर असतात तसे. असे तडे कुणाला पाडता येत नाहीत, ते वयानंच येतात. जागा कोरडी केली आणि यंत्र टेकवलं. एकशे वीस. खात्रीसाठी पुन्हा टेकवलं. एकशे अठरा.

यंत्र खोटं बोललंच नव्हतं. थर होता, चारशेचा होता. पण थर कसला, हे सांगणं यंत्राचं काम नव्हतं. त्याचे पैसे मी घेत होतो.

मग माझी नजर ड्रायव्हरच्या दाराकडे गेली. हँडलखालचे ते चार पट्टे. मी त्यांच्यावर माझी चार बोटं ठेवली. बरोबर बसली. ब्रश नव्हताच तो. कातरणीवरून उठून दर वेळी त्याच जागी हात पुसणाऱ्या माणसाची बोटं होती ती. आणि मी फॉर्मवर काय लिहिलं होतं? हलक्या प्रतीचा, हातानं मारलेला. मला माझीच लाज वाटली. पंचवीस वर्षांचा पोरगा असतो तर बहाणा शोधला असता. आता बहाण्याचंही वय राहिलं नाही.

"मॅडम," मी म्हणालो, "माझं चुकलं. ही गाडी मूळ आहे. सांगाडा, इंजिन, रंग, सगळं. अशी गाडी मी आयुष्यात पाहिली नाही आणि पुन्हा बघेन असं वाटत नाही. मघाशी दिलेला सल्ला मी मागे घेतो."

मॅडमनी त्या वीतभर आकाशी चौकोनावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "मी शेठना शब्द दिलाय."

"टोकन दिलेलं नाही. आणि शब्द माझ्या सल्ल्यावर दिला होतात. फोन मी करतो."

केला. शेठ आधी हसले, मग तापले. "साहब, आप सर्व्हेयर हो या ज्योतिषी? सवेरे कुछ, शाम को कुछ!" त्यांचं म्हणणं रास्त होतं, त्यामुळे मी ऐकून घेतलं. त्यांच्या मिलच्या ट्रकांच्या किमती ठरवायचं काम इतकी वर्षं माझ्याकडे होतं. ते त्या दिवसापासून गेलं. लाल गाडी पुढं सहा महिन्यांत दुसऱ्या हौशी माणसाला गेली आणि तो ती दर रविवारी मजेत फिरवतो असं ऐकतो. चांगलंच आहे. ती चालवायचीच गाडी होती.

रविवारी, शेड पाडायच्या आदल्या दिवशी, नागपूरहून ट्रक आला. आकाशी गाडी फळ्यांवरून वर चढवली. भंगारवाला आला असता तर मामा कुरुंद्याला जाऊन बसणार होते, आज मात्र हलले नाहीत. शेवटपर्यंत मागच्या चाकाला हात लावून उभे होते. ट्रकचा फाळका लागला तेव्हा त्यांनी फेट्याच्या टोकानं डोळे पुसले आणि मॅडमना म्हणाले, "बाई, साहेबांची गाडी हाय. नीट ठेवा."

"ठेवते," मॅडम म्हणाल्या. "पण पुसायची कशानं?"

मामा आत गेले आणि एक पोतं घेऊन आले. कुण्या पाहुण्याच्या कळपातली कच्ची लोकर मागून आणून ठेवली होती.

ती गाडी आता नागपुरात आहे. मॅडमनी दोन महिने लावून, रिठ्याच्या पाण्यानं, स्वतः धुऊन काढली. ड्रायव्हरच्या दारावरची तळहाताएवढी जागा मात्र तशीच ठेवली आहे. आकाशी दारावर तपकिरी चार पट्टे. बघणारे विचारतात, हे पुसायचं राहिलं का? मॅडम सांगतात, ही म्हाळबांची सही आहे.

मी माझ्या फॉर्मवर एक रकाना वाढवला आहे. पूर्वी मी मालकाला विचारायचो, गाडीला काय लावलं. त्याला लोक लाजतात, किंवा दुकानातल्या डब्याचं नाव सांगतात. आता यंत्र पिशवीतच ठेवतो, चहा घेतो आणि आधी विचारतो, मामा, तुमी हात कुठं पुसता?